आवाज आला की धावायचं

घराच्या पुढच्या खोलीतल्या माझ्या पार्लरमधून केस कापून गेलेल्या निम्म्या बायकांची डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर लांब असायची. कुणी कुरकुर केलीच, तर मी ठणकावून सांगायचे, "सध्या तशीच फॅशन आहे." फॅशन कसली डोंबलाची! माझा एक डोळा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आणि दुसरा आरशात. गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून मागची सतरंजी दिसावी आणि सतरंजीवर बसलेली ठकी दिसावी, अशा बेताने मी खुर्चीच तशी लावून घेतली होती.

ठकी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची लेक. दिवस भरायच्या आधीच घाईघाईने आली आणि येताना निम्मं सामान विसरून आली. श्वासनळी अरुंद, हृदयाला भोक, एक मूत्रपिंड आळशी. गिळताना घास भलत्याच वाटेला जातो म्हणून पोटाला एक बटण बसवलेलं, दूध त्यातून. हृदयाचं भोक डॉक्टरांनी बुजवलं. पण श्वास घेता यावा म्हणून गळ्याला पुढून छेद देऊन जी नळी घातली ती राहिली. हवा नळीतून आत आणि नळीतूनच बाहेर. वर घशात, आवाज जिथे तयार होतो तिथपर्यंत ती पोचायचीच नाही. म्हणून ठकीला आवाज नव्हता. रडायची हो, चांगली धो धो रडायची. तोंड उघडं, नाक लाल, गालांवरून पाणी. ऐकू मात्र काहीच यायचं नाही, टीव्हीचा आवाज बंद केल्यावर दिसतं तसं.

आता तुमचं पोर खेळताना पडलं, तर तुम्ही आतूनच ओरडता, "काय झालं गं?" आमचं पडलं तर ते बघणाऱ्यालाच कळायचं. त्यामुळे कोणाचे तरी डोळे तिच्यावर हवेतच. धाकटी दुपारी कापडाच्या गोदामात कामाला जायची, तेव्हा माझे. ती घरी असली की तिचे. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. तो बिचारा घरी आला की आल्या आल्या पहिलं काम हेच, लेकीकडे बघत बसायचं. चार वर्षं आम्ही तिघं डोळ्यांत तेल घालून जगलो.

कानाला कळणारी एकच गोष्ट होती, नळीतली घरघर. घर्र झालं की समजायचं, कफ साचला. की हातातलं काम टाकून धावायचं, मशीन चालू करायचं, बारीक नळी आत घालून कफ ओढून काढायचा. नळी तुंबली तर खेळ खलास, हे हॉस्पिटलातल्या नर्सने पहिल्याच दिवशी आमच्या डोक्यात खिळा ठोकावा तसं ठोकलं होतं. शेजारणीने मिक्सर लावला तरी आम्ही दोघी ताडकन उठून उभ्या राहायचो.

मागच्या वर्षी ठकीची श्वासनळी ऑपरेशन करून रुंद केली. नळीच्या बाजूने हवेला वर जायला आता वाट झाली. मग डॉक्टरांनी सांगितलं, नळीच्या तोंडावर एक टोपण लावून बघू. अंगठ्याच्या नखाएवढं, जांभळं, आत एकेरी झडप. श्वास घेताना उघडते, सोडताना मिटते. मिटली की हवेला घशातून वर गेल्याशिवाय गत्यंतर नाही. "म्हणजे बोलेल?" धाकटीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आधी तिला ते सोसलं पाहिजे. ते काम स्पीच थेरपिस्टचं. पुढच्या तपासणीपर्यंत घरी निदान दुपारभर टोपण राहायला हवं. नाही राहिलं, तर वर्षभर थांबू."

वर्षभर थांबायला आमच्याकडे वेळ नव्हता, ठकीला याच वर्षी शाळेत घालायचं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका भल्या बाई होत्या. शाळेत नर्स होती, तिला मशीन चालवता येत होतं. पण बाईंनी स्पष्टच सांगितलं, "एका शिक्षिकेकडे वर्गभर मुलं. फळ्याकडे वळली की तिची पाठ होणार. हिला काही झालं, तर हिने हाक मारायला हवी. पाठमोऱ्या माणसाला ऐकू जाईल अशी. तेवढं झालं की या सत्रात घेते." बोलणं रास्त होतं, म्हणून जास्तच लागलं. धाकटी घरी आली आणि घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घालत बसली.

स्पीचवाल्या मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे हात शिवशिवले. डोक्यावर केसांचा गुंता, त्यात पेन्सिल खोचलेली, टोकं सगळी फाटलेली. ही बाई स्वतःच्या डोक्याकडे बघत नाही, आमच्या पोरीकडे काय बघणार? मी तसं धाकटीच्या कानात म्हटलंही. पण बाई कामाला पक्की निघाली. आधी नळी साफ केली, ठकीच्या पायाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला, तिला ताठ बसवलं आणि मगच टोपण लावलं. "बोल बाळा, आ कर बाळा" असलं काही नाही. पिशवीतून साबणाच्या फुग्यांची बाटली काढली आणि स्वतःच फुंकत बसली.

ठकीने तोंडाचा चंबू केला. फुंकलं. आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या ओठांतून हवा बाहेर आली. तिने दचकून ओठांना हात लावला. मग खोकली. मग कुठून तरी "हॅ" असा आवाज आला. कोण बोललं ते बघायला ठकी मागे वळली. मागे भिंत होती.

धाकटी ओक्साबोक्शी रडायला लागली. मी तिला दटावलं, "गप गं, पोर घाबरेल." माझाच आवाज फुटत होता. मॅडम फुगे सोडत राहिल्या. ठकी फुगे संपेपर्यंत टोपण लावून बसली आणि आकडा तसूभर हलला नाही.

तिथे जमलं ते घरी मात्र जमेना. टोपण लावलं की थोड्याच वेळात ठकीला त्रास व्हायला लागायचा आणि आम्हाला ते काढावं लागायचं. मग ती तोंड घट्ट मिटून, मान खाली घालून बसायला लागली. मग टोपणाची डबी दिसली तरी सतरंजीच्या कोपऱ्यात जाऊन बसायला लागली. दर आठवड्याला मॅडमच्या खोलीत गाडी सुरळीत आणि घरी आलो की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तपासणी जवळ येत चालली. एका दुपारी धाकटी मला म्हणाली, "ताई, राहू दे. तिला नाही सोसत. उगाच पोरीचे हाल कशाला?" तिने कामावर जाताना लेकीचा पापा घेतला आणि पायरीवर उभी राहून डोळे पुसले, ते मी आरशातून पाहिलं.

माझं डोकं फिरलं. मी मॅडमना फोन लावला. "तुमच्या खोलीत चालतं नि घरी चालत नाही, म्हणजे टोपणातच खोट आहे. बदलून द्या."

"बरं," त्या म्हणाल्या. "माझे केस कापायचेत. धाकट्या ताई घरी असतील तेव्हा येऊ का?"

म्हटलं, चला, केसांच्या बाबतीत तरी बाईला अक्कल आली.

त्या आल्या. मी डोकं धुतलं, गुंता सोडवला, खुर्चीत बसवलं. ठकीला टोपण लावून, पायाला चिमटा लावून सतरंजीवर बसवलं. बाहुली घेऊन ती तिची तिची खेळत होती. धाकटी आत कणीक मळत होती. मी डावी बाजू कापायला घेतली. मॅडम आरशातून मागे बघत होत्या, तशी मीही बघत होते. ठकीने बाहुलीला मांडीवर झोपवलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि घोगऱ्या आवाजात काहीतरी केलं. ग्र्र, अं, ग्र्र.

पुढे काय झालं ते मला करताना कळलंच नाही. कात्री ट्रेमध्ये पडली होती, मी ठकीपाशी गुडघ्यांवर होते, टोपण माझ्या मुठीत होतं. कणकेच्या हातांनी धाकटीने मशीन चालू केलेलं. बारीक नळी आत, कफ ओढून बाहेर. कफ कसला, नळी कोरडीच होती. ठकी तिच्या त्या बिनआवाजाच्या पद्धतीने रडत होती.

मॅडम खुर्चीतून उठल्या. अर्धे केस कापलेले, अर्धे ओले, गळ्याभोवती कापड. "तिला काय झालं होतं?"

"काय झालं म्हणजे?" मी उसळले. "आवाज आला ना!"

त्या हळूच म्हणाल्या, "अहो, आवाज यावा म्हणून तर ते टोपण लावलंय."

धाकटीने माझ्याकडे बघितलं, मी धाकटीकडे. मशीन घों घों करत होतं, ते बंद करायचंही सुचेना.

"चिमट्यावरचा आकडा कोणी पाहिला?" मॅडमनी विचारलं. कोणीच पाहिला नव्हता. तो तर झकास होता, पोरीचे ओठही गुलाबी. "आता तिच्या बाजूने बघा. तोंडातून जरा आवाज काढला, की दोन बायका अंगावर धावून येतात आणि गळ्यात नळी घालतात. तुम्ही काढाल आवाज?"

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आम्ही तर ताकाचा पेलाच पोरीच्या हातातून हिसकून घेत होतो, आणि वर म्हणत होतो, पोरीला ताक सोसत नाही! मला हसूही आलं आणि धाय मोकलून रडावंसंही वाटलं. धाकटीने लेकीला पोटाशी धरलं. "आपणच हिला गप्प केलं, ताई."

"तुम्ही चार वर्षं असं धावलात म्हणून ती आज इथे बसलीय," मॅडम म्हणाल्या. "त्यात चूक काही नव्हती. पण आता तिच्याकडे दोन तऱ्हेचे आवाज आहेत आणि तुमच्या कानांना एकच ठाऊक आहे. ठकीचं काम झालंय. उपचार आता तुम्हा दोघींवर करायचे."

"म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं?"

"छे! उत्तर द्यायचं."

तशीच अर्ध्या केसांनी बसून त्यांनी आम्हाला शिकवलं. आवाज आला की जागचं हलायचं नाही, आधी बघायचं. आकडा ठीक? ओठांचा रंग ठीक? छाती ओढली जात नाही ना? यातलं एक जरी बिघडलेलं दिसलं, तर एका झटक्यात टोपण काढायचं, तिथे विचार करत बसायचं नाही. झोपताना टोपण नाहीच. पण सगळं ठीक असेल, तर ती जे काही बोलली असेल त्याला उत्तर. "काय उत्तर द्यायचं?" धाकटीने विचारलं. "ग्र्र ला?" मॅडम म्हणाल्या, "शेजारीण बडबडते तेव्हा तिला काय देता? तेच. 'हो का', 'बाई बाई', 'मग पुढे?'"

सांगायला सोपं हो. दुसऱ्या दिवसापासून धाकटी दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसायला लागली. मला हुकूम होता, काही झालं तरी हातातली कात्री खाली ठेवायची नाही. चार वर्षांची सवय अंगात मुरलेली. ठकी साधी शिंकली तरी माझे पाय आपोआप वळायचे. पण आता शिंक सोडली तर ठकीचा आवाजच नव्हता. टोपण सोसत होतं, दुपारभर राहतही होतं, पण पोर ओठ शिवल्यासारखी गप्प. आमच्यावर तिचा विश्वास कसा बसावा? शिक्षा करणारे हात तेच, लाड करणारे हातही तेच. मी धाकटीला म्हणायचे, "बोलेल गं, कुठे जातेय!" आणि आरशात ठकीच्या ओठांकडे बघत राहायचे.

पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. केस कापताना त्यांची मान एका जागी राहील तर शपथ. सुनेचं सांगताना डावीकडे, जावयाचं सांगताना उजवीकडे. त्या दिवशी मी सारखी म्हणत होते, "मान खाली घ्या हो. मान खाली." त्या पुन्हा वळल्या. आणि मागून घोगरा, ओलसर, दरडावणारा आवाज आला.

"मान!"

माझे पाय निघाले होते, ते मी जागच्या जागी रोवले. आरशात पाहिलं. आकडा ठीक. ओठ गुलाबी. छाती शांत. ठकी माझ्याकडे टक लावून बघत होती, आता ही धावून येते की काय अशी. मी जमेल तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "बघा बाई, आता दोघी दोघी सांगतोय. घ्या मान खाली."

पोस्टातल्या बाईंनी मुकाट्याने मान खाली घातली. आणि ठकी हसली. तिचं हसू आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. गोड वगैरे काही नव्हतं, म्हाताऱ्या माणसाला ठसका लागावा तसं होतं. मी त्या बाईंच्या डोक्यावरच रडत होते. त्या खालूनच म्हणाल्या, "अगं, छत गळतंय का तुझं?"

संध्याकाळी धाकटीला सांगितलं, तर ती म्हणाली, "चार वर्षं मी रोज तिच्यापुढे आई आई करतेय, आणि पोरगी बोलली काय, तर मान?" मी म्हटलं, "धंद्याची भाषा आहे, पोटापाण्याला उपयोगी पडेल." दोघी हसत सुटलो. मग काय, बंधारा फुटला. "मान", "बस", "नको", "ए", आणि दोन दिवसांत "आई"सुद्धा. बोबडं, अर्धवट, कधी नुसतंच सुरात. आम्ही उत्तरं देऊन देऊन थकलो. मॅडमनी उरलेले केस कापायला म्हणून चक्कर मारली, तेव्हा ठकीने त्यांनाही दमात घेतलं. डॉक्टरांनी तपासलं, आकडे पाहिले, आणि दिवसभर टोपण ठेवायला परवानगी दिली. औषधं, दूध, पोटाचं बटण, मूत्रपिंडाच्या फेऱ्या, ते सगळं तसंच राहिलं. ते कुठे जाणार आहे!

राहिली शाळा. मुख्याध्यापिकांनी ठकीला वर्गात इतर मुलांबरोबर बसवलं, नर्सला बाकावर बसवलं आणि आम्हा दोघींना म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा." दार लावून घेतलं. साधं लाकडी दार, त्याला काचही नाही. धाकटीने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. आतून मुलांचा कलकलाट, खडूची खरखर. खडू म्हणजे शिकवणाऱ्या बाई फळ्याकडे वळल्या होत्या. पाठ झाली होती. ठकीकडे आता कोण बघत होतं? नर्सचं लक्ष असेल का? आमच्यापैकी कोणीच बघत नव्हतं. असं कधीच झालं नव्हतं. धाकटी कुजबुजली, "ताई, मी आत जाते." मी म्हटलं, "उभी राहा."

आत खडू थांबला. काहीतरी बोलणं झालं. मशीनची घरघर सुरू झाली आणि बंद पडली. दार उघडलं. मुख्याध्यापिका दारात उभ्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "मागून 'बाई, कफ' म्हणाली. नर्सने काढून दिला. आता 'जा' म्हणतेय तिला. सोमवारपासून आणा."

इतकं साधं सांगितलं, पाऊस थांबला म्हणावं तसं. धाकटी तिथेच व्हरांड्यात जमिनीवर बसली. मीही बसले. कोण काय म्हणेल याची लाज वाटली नाही. छातीवरचा धोंडा कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं, आणि माझ्या जिवात जीव आला.

घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, मी डोक्यावरून न्हाऊन येते." मी म्हटलं, "जा." ती गेली, आणि मला कडी लावल्याचा आवाज आला. चार वर्षं ती दार लोटून, कान बाहेर ठेवून, दोन तांबे अंगावर ओतून यायची. त्या दिवशी पाणी वाहतच राहिलं. मीही तिकडे लक्ष दिलं नाही, टॉवेल घड्या करत बसले. ठकी बाहुली ओढत न्हाणीघराच्या दाराशी गेली. दारावर थापा मारल्या.

"आई! ए आई!"

आत पाणी थांबलं. सवय होती ना, आता कडी निघेल, ओल्या अंगाने धावत येईल.

कडी निघाली नाही. पाणी पुन्हा सुरू झालं, आणि त्या आवाजाच्या वर आवाज चढवून धाकटी आतून ओरडली, जगातल्या कुठल्याही आईसारखी, वैतागून, "थांब गं जरा! डोळ्यांत साबण गेलाय माझ्या!"